रघूदादाने सुशांतच्या गाडीची रेस उतरवली

लालबागला साबळे बिल्डिंगच्या तळाला एक गाळा आहे, शटरवरचा निळा रंग उडालाय बघा, तो आमच्या रघूदादाचा. रघुवीर नाव, पण सगळे रघूदादाच म्हणायचे. बाप मिलमध्ये होता. मिल बसली तेव्हा दादा शाळा सोडून रे रोडला टॅक्सीवाल्यांच्या गॅरेजात लागला आणि तिथंच हात काळे करून मोठा झाला. पुढे हा गाळा घेतला. गाडीशी बोलायचा तो. बोनेटवर हात ठेवून म्हणायचा, "बोल बाय, काय दुखतंय?" गाडी नीट झाली नाही की तिच्या सात पिढ्यांना शिव्या द्यायचा, आणि झाली की लगेच चहा सांगायचा, गिऱ्हाईकालापण.

स्वतःला पोरबाळ नव्हतं त्याला. बहीण एक, पमाताई. तिचा नवरा लवकर गेला, तिचा एकुलता एक सुशांत दादाच्याच अंगाखांद्यावर वाढला. या सुशांतने जुनी एस्टीम घेतली. दादाने बघून दिली, चांगली होती गाडी. पण पोरगं मोबाईलवर काय काय बघायचं. त्याने गाडीला मोठा सायलेन्सर लावला, आतला धूर गाळणारा डबा काढून टाकला, इंजिनाला हवा सोडणारा थ्रॉटल दुसऱ्या गाडीचा, मोठा, आणून बसवला. सगळं स्वतःच्या हाताने, मित्राच्या पार्किंगमध्ये. मामाला सांगितलं नाही, मामा शिव्या देईल म्हणून.

आणि गाडीची रेस उतरेना. पाय काढला तरी इंजिन ओरडतंच. क्लच सोडला की उडी मारायची. शिवाजी पार्कच्या सिग्नलला एकदा पुढच्या स्कूटरला जाऊन टेकली, कुणाला लागलं नाही हे नशीब. तीन ठिकाणी दाखवली. कोणी स्क्रू फिरवून दिला, कोणी केबल बदलली, कोणी म्हणालं सेन्सर गेला. घरी येईपर्यंत परत तेच.

शिमग्याला पमाताईला घेऊन सुशांत याच गाडीने देवगडला निघणार होता. पालखी घरी यायची होती त्यांच्या. आदल्या दिवशी सकाळीच पमाताई सुशांतला घेऊन गाळ्यावर आली.

"दादा, घाटात ही गाडी थांबायची नाय रे. उतारावर आपोआप पळते ती. ही माझ्या पोराला खाणार."

"मग एसटीने जा."

"तो ऐकतो काय? तू सांगून बघ."

दादाने सुशांतकडे बघितलं. सुशांत खाली बघत होता.

"काय रे, रेसर? आईला मागच्या सीटवर बसवून विमान उडवणार काय?"

"मामा, बघ ना एकदा."

"आता आठवण झाली मामाची. ठेव चावी. उद्या पहाटे गाडी गाईसारखी करून देतो. नाही झाली तर चावी मी समुद्रात टाकणार, मग जा चालत."

पमाताई हसली. लय दिवसांनी हसली, असं रुपालीवहिनी नंतर सांगत होती. रुपालीवहिनी म्हणजे दादाची बायको.

आता झालं असं, की त्याच सकाळी दुसऱ्या माळ्यावरचे दगडूआप्पा वारले. मिलमधले जुने कामगार. दादाच्या बापाचे दोस्त. मुलगी गोव्याहून यायची होती, ती येईपर्यंत मयत ठेवायचं ठरलं. आमच्या बिल्डिंगमध्ये मयत उठेपर्यंत कोणाकडे चूल पेटत नाही. टीव्ही नाही, कुकरची शिट्टी नाही. दादा वर जाऊन पाया पडून आला. एरवी त्याने गाळा उघडलाच नसता. पण पहाटे गाडी निघायची होती, आणि शब्द दिला होता.

इंजिन चालू केलं आणि सगळी बिल्डिंग हादरली. त्या मोठ्या सायलेन्सरचा आवाज केवढा! गॅलरीतून गंगाधरकाका ओरडले. ते बिल्डिंगमधले सगळ्यात वडीलधारे.

"रघ्या! वर मयत ठेवलेला आसा आणि तू खाली रेस काय लावतंस रे? काय लाज?"

दादाचा चेहरा एवढासा झाला. "चुकलं काका," म्हणाला आणि शटर अर्ध्यावर ओढलं. तरी आवाज जात होता. काकांनी वरूनच हात केला, अजून खाली म्हणून. मग त्याने शटर जमिनीला टेकवलं.

त्याची रोजची पद्धत होती, आत गाडी चालू ठेवायची तर सायलेन्सरला रबरी पाइप लावून बाहेर गटारात सोडायचा. पण या सायलेन्सरचं तोंड पाइपापेक्षा मोठं. बसेना. मागे खिडकी होती, पण तिच्यासमोर जुने टायर रचलेले. थोडा वेळच तर चालवायचीय, असं त्याला वाटलं असणार.

दोष कसा शोधायचा ते तो नेहमी सांगायचा. इंजिन हवा पिऊन चालतं. हवा येते त्या तोंडावर तळहात दाबायचा. इंजिन बंद पडलं, तर हवा सरळ वाटेने येतेय. चालूच राहिलं, तर कुठूनतरी चोरून पितंय. मग एकेक नळी पकडीने दाबत जायचं. पण काही चोऱ्या थंड इंजिनात दिसत नाहीत. तापलं की फट पडते. म्हणून बाकीच्यांना ती सापडली नाही. त्यांनी स्क्रू फिरवला आणि गाडी दिली. दादा तापू देत बसला.

दुपारी तो वर आला. आप्पांच्या दारात रुपालीवहिनी बायकांमध्ये बसली होती. दादा कपाळ चोळत होता, तोंड लाल झालेलं.

"काय हो, चेहरा बघा कसा झालाय."

"डोकं फुटतंय गं. मळमळतंय पण."

"सकाळपासून पोटात काय नाय तुमच्या. पित्त चढलं असणार. चहा तरी कुठून देऊ, गॅस पेटवायचा नाय. खाली बिस्कीट असेल तर खा."

"आता मयत उठल्यावरच जेवू सगळे. सापडलंय मला. थ्रॉटलच्या खाली चोरते हवा. फट बुजवायला पॅकिंग कापतो नवीन, लावतो की झालं."

पाणी प्यायला आणि खाली गेला. वहिनीला वाटलं उपाशी आहे म्हणून. त्यालाही तसंच वाटलं. त्या दिवशी सगळ्या बिल्डिंगचं डोकं दुखत होतं, कोणी खाल्लंच नव्हतं.

आप्पांची मुलगी आली. रडारड झाली. तिरडी बांधली. उचलायच्या वेळी गंगाधरकाका म्हणाले, "रघूक बोलवा, खांदो त्याचो पयलो." आप्पांना मुलगा नव्हता. दोघं जण खाली गेले. बाहेरून त्यांना वाटलं दादा काम आटपून घरी गेला, कारण आवाजच नव्हता. मग एकाने शटरला कान लावला. इंजिन चालू होतं. हळू, गुरगुर पण नाही, नवीन गाडीचं चालतं तसं.

शटर वर केलं तेव्हा धुराचा लोट बाहेर आला. दादा बोनेटला टेकून खाली बसलेला, मांडीवर पाना. झोपलाय असं वाटत होतं. हॉस्पिटलात नेला, पण बंद गाळ्यातल्या धुराने जीव आधीच गेला होता, तिथे काय करणार होते.

आप्पांची तिरडी तशीच अंगणात थांबली. नंतर बाकीच्यांनी उचलली. गंगाधरकाका गेले नाहीत. गाळ्याच्या पायरीवर बसून राहिले, कोणी उठवलं तरी उठेनात. "मीच शटर खाली कर म्हटलंय," एवढंच बोलत होते.

तेराव्याला घरात माणसं कमी झाल्यावर वहिनीने सुशांतला विचारलं.

"काय बिघडलं होतं रे तिच्यात?"

सुशांतने खिशातून पुठ्ठ्याचा तुकडा काढला. काळा पडलेला, कडेने जळलेला. दादाने काढून बाकावर ठेवला होता.

"पॅकिंग मिळालं नाही मामी. मी बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून लावला होता."

वहिनीने तो तुकडा हातात घेतला. उलटा सुलटा बघितला. "एवढंसं?"

"एवढंसंच."

पमाताई भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "विकून टाका ती गाडी. भंगारात द्या. मला तिचं तोंड बघायचं नाय."

"नाय विकायची," वहिनी म्हणाली. "गावी कधी जाताय तुम्ही?"

पमाताईने तोंड फिरवलं, तशी वहिनी पुढे म्हणाली,

"त्याच गाडीने जा. तुम्ही नाय गेलात तर हे गाळ्यात कशाला बसले होते?"

"मामी, मला त्या सीटवर बसवत नाय," सुशांत म्हणाला.

"मग शीक बसायला," असं म्हणून वहिनी उठली, आणि जेवणाची ताटं उचलायला लागली.