माझे अकरा फटके

पन्नाशी उलटल्यावर मी गोल्फ शिकायला घेतलं, तेव्हा घरात सगळ्यांनी माझी यथेच्छ टिंगल केली. नवऱ्याची बेळगोळच्या कारखान्यात बदली झाली तेव्हापासून आम्ही म्हैसूरकर. तो आधीपासून खेळायचा आणि मी क्लबच्या लॉनवर नुसती कॉफी पीत बसायचे. त्या बसण्याचा मला वीट आला, एवढंच कारण.

हिशोब मात्र पहिल्याच दिवशी आवडला. प्रत्येक होलला एक आकडा ठरलेला असतो, त्याला पार म्हणतात. पार चार म्हणजे चांगल्या खेळाडूने चार फटक्यांत चेंडू होलमध्ये घालायचा. एक कमी लागला तर बर्डी, एक जास्त लागला तर बोगी. ज्याचे फटके कमी, तो जिंकला. आणि मारायला गेलात नि स्टिक नुसतीच हवेत फिरली, तरी तो फटका धरायचा.

पहिल्यांदा कार्डावर, म्हणजे प्रत्येक होलचे फटके लिहून, खेळले ती रविवारची सकाळ होती. सोबत नवरा आणि त्याचे साहेब. आपलं कार्ड दुसऱ्याने लिहायचं असतं. माझं नवऱ्याकडे होतं. शेवटचा होल पार चारचा. तिथे माझे दोन फटके हवेत गेले आणि वाळूच्या खड्ड्यातून चेंडू काही केल्या निघेना. एकूण अकरा. साहेब हसून म्हणाले, "परवागिल्ला मॅडम." चालायचंच, नवख्यांचे, त्यातून बायकांचे, असले फटके इथे कुणी धरत नाही, असं त्यांनी वर समजावलं. नवऱ्याने निमूटपणे सात लिहिले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही कसली दया? पुढच्या रविवारी नऊ लागले तर मी दोनने सुधारलेली असेन, आणि कार्ड म्हणेल, बाई दोनने बिघडल्या. म्हणजे माझी मेहनत यांच्या मोठेपणापायी पाण्यात. पारच्या आकड्याशी माझी चढाओढ नव्हतीच. ती माझ्याच मागच्या खेळाशी होती, आणि तो आकडा मला खरा हवा होता.

खेळ संपला की कार्डावर आपली सही लागते. नवऱ्याने पेन पुढे केलं. अकरा लिहिल्याशिवाय सही करणार नाही, असं मी सांगितलं. साहेब दुसरीकडे बघू लागले. नवरा खालच्या आवाजात म्हणाला, "अगं, हे क्लबच्या बोर्डावर लागतं. लोक काय म्हणतील?"

"अकरा म्हणतील," मी म्हणाले. "लिही."