पारूआक्का कोर्दोबात

पारूआक्का पहिल्यांदा माझ्या बारामतीच्या ऑफिसात आल्या, तेव्हा नमस्काराच्या आधी म्हणाल्या, "म्याडम, पाठीमागं ब्लाउज उसवलाय तुमचा. बाहेर चौघं बसल्यात, समद्यांनी बघितलंय, पर एक जण बोलंना." मी सकाळपासून तशीच वावरत होते. त्यांनी दार लोटलं, आपल्या पोलक्याची पिन काढून माझ्या पाठीला लावली आणि मग कामाचं बोलल्या, "स्पेनच्या दौऱ्यात माझं नाव घाला."

शेतकऱ्यांचे परदेशी अभ्यासदौरे नेणं हा माझा व्यवसाय. पासपोर्ट कुणाचा संपतोय, कुणाला कांदा-लसूण चालत नाही, कुणाची बीपीची गोळी कधी असते, हे सगळं मी लिहून ठेवते. सणसरची ही साठी उलटलेली विधवा पेरूची बाग आणि भाजीपाला एकटीनं करत होती. तिचं नाव यादीत बघून काहींनी नाकं मुरडली. डाळजचे भानुदासराव पहिल्याच बैठकीत म्हणाले, "आक्का, तितं भाकरी मिळायची न्हाय."

"नसंना. तुमी हायसा की डोकं खायाला. भूक कशी लागंल?"

आक्कांच्या बोलण्यात कुचकेपणा नसे. जे दिसलं ते त्या सांगून मोकळ्या होत. हरितगृहं दाखवणारा स्पॅनिश मालक पाणी किती कमी लागतं ते कौतुकानं सांगत होता. आक्का दुभाष्याला म्हणाल्या, "त्याला इचार, एवढं समदं चांगलं हाय तर मजुरांच्या खोल्यांवर पत्रा का न्हाय?" दुभाष्यानं ते भाषांतर केलं नाही. आक्कांच्या ते लक्षात आलं, आणि मग संध्याकाळपर्यंत त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत.

कोर्दोबा हा शेवटून दुसरा मुक्काम होता. त्या दिवशी शेती नव्हती, फक्त जुनं शहर बघायचं होतं. सकाळी दगडी पुलावरून निघालो. इंदापूरचे रशीदभाई, डाळिंबाचे व्यापारी, सगळ्यांच्या मागे राहून मोबाईलवर चित्रण करत होते. बाजारात त्यांच्या गाळ्यावर धाकटा भाऊ सलीम बसायचा. तो कधी विमानात बसला नव्हता. म्हणून परतल्यावर त्याला दाखवायला रशीदभाई जे दिसेल ते टिपत आणि बोलत. "बघ सलीम, नदी बघ. आपल्या भीमेपेक्षा लहानच आहे."

पूल संपता संपता मला फोन आला; इंदापुरात तेव्हा दुपार झाली होती. रशीदभाईंचा पुतण्या होता. सलीम सकाळी गाळ्यावरच कोसळला होता. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजनंतर दफन. "मॅडम, चाचांना सांगू नका. तिकडं परक्या मुलखात काय करतील? आल्यावर सांगू."

मी भानुदासरावांना बाजूला घेतलं. "चार दिसांचा तर प्रश्न हाय," ते म्हणाले. "मातीला काय त्यांना पोचता येणार न्हाय. गप ऱ्हावा." मलाही ते पटलं. घरच्यांचा निरोप होता आणि तो पाळणं माझं काम होतं.

जुन्या मशिदीच्या अंगणात संत्र्याची झाडं रांगेनं लावलेली. आत कमानींमागे कमानी, आणि मधोमध उभारलेलं चर्च. बाकी सगळे आत गेले. रशीदभाई अंगणातच सलीमला संत्री दाखवत उभे होते. आक्का माझ्याजवळ आल्या. "म्याडम, मघापासनं तुमी त्या माणसाकडं बघंना झालाय. काय झालंय?"

मी सांगितलं. वर भानुदासरावांचं म्हणणंही सांगितलं.

आक्का रशीदभाईंकडं बघत म्हणाल्या, "माझा मालक टेंपोखाली गेला तवा मी म्हायेरी हुते. शिरेस हाय म्हणून मला जीपमदी घातली. भिगवणला थांबून भजी खायाला घातली. जीपमदल्या समद्यांना ठावं हुतं. मी खाल्ली. वर मिरची बी मागून घितली." त्या पुढे म्हणाल्या, "माती कवा हाय?"

"अजून दोनेक तास."

"मग तोंड तरी बघू द्या की त्याला."

मी आक्कांचा हात धरला, तो त्यांनी सोडवला. रशीदभाईंच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. "रशीदभाई, मोबाईल खाली घ्या. सलीम वारला. सकाळी, गाळ्यावर. अजून न्हेलं न्हाय. घरी फोन लावा."

रशीदभाई आधी माझ्याकडे बघायला लागले. माझ्या तोंडावरून त्यांना कळलं. ते तिथंच झाडाच्या आळ्याच्या दगडावर बसले. पुतण्या फोन उचलेना. चाचांना कळलं असेल, हे त्याला समजलं असावं. आक्कांनी पुन्हा पुन्हा लावायला लावला. शेवटी कुणीतरी उचलला. पांढरं कापड बाजूला केलेलं दिसलं, सलीमचं नाक आणि बंद डोळे दिसले, आणि चित्र तिथंच गोठलं. पुन्हा लागलं तोवर माणसं खांदा द्यायला उठली होती.

बाकीचं शहर गटानं बघितलं. आक्का दिवसभर त्या दगडावर रशीदभाईंच्या शेजारी बसून होत्या. पुतण्यानं फोन करून मला वाट्टेल ते सुनावलं, ते मी ऐकून घेतलं.

परतीच्या विमानतळावर सामान जमा करताना रशीदभाई आक्कांना म्हणाले, "आक्का, तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण तुम्ही बोलला नसता, तर माझा सलीम अजून चार दिवस जिता असता. मी त्याला आणखी किती दाखवलं असतं."

आक्का म्हणाल्या, "व्हय. असता." आणि बॅग पट्ट्यावर ठेवायला वळल्या.

आता प्रत्येक दौऱ्याच्या पहिल्या बैठकीत मी एक प्रश्न विचारते: घरून वाईट बातमी आली तर लगेच सांगू, की परतल्यावर? लोक आधी हसतात, मग एकेक जण उत्तर देतो. ज्यानं जसं सांगितलं तसं मी वागणार.

आक्का गेल्या उन्हाळ्यात गेल्या. त्याआधी महिनाभर त्या खाटेवरच होत्या. मी सणसरला भेटायला गेले, तेव्हा या प्रश्नाचं त्यांना सांगितलं. वाटलं, खूश होतील. त्या छताकडं बघत म्हणाल्या, "आन् तुमी? तुमाला कवा सांगायचं?"

"लगेच," मी म्हटलं.

आक्कांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. "मी बी आदी असंच लगीच म्हणायची."