भांडता येईल असा देश

संध्याकाळपर्यंत नातीने कळवायचं होतं, जर्मनी की नेदरलँड्स. नोकरीचं बोलावणं दोन्हीकडून आलेलं. पुण्याहून रजा काढून ती नंदुरबारला घरी आली होती. ती लॅपटॉप मांडीवर घेऊन दोन्ही देशांची गुण देऊन केलेली तुलना वाचून दाखवत बसलेली आणि मी सकाळपासून ओट्यावरून मोरीकडे, मोरीकडून ओट्यावर.

"आजी, बस ना! कितल्या फेऱ्या मारी ऱ्हायनी!"

"तू वाच. मन्हा कान तठेच शे."

नेदरलँड्सला सायकलींना वेगळे रस्ते, पाचला ऑफिस बंद, पण घरभाडं डोळे पांढरे करणारं. जर्मनीत भाडं जरा बरं, सुट्ट्या भरपूर, पण रविवारी दुकानं बंद. आणि वर्षात ऊन किती पडतं, याचेसुद्धा गुण! उन्हाला गुण मिळत असतील तर आमचं नंदुरबार युरोपात पहिलं येईल.

हसले, पण जीव थाऱ्यावर नव्हता. कुठलाही देश जिंकला तरी पोर माझीच जाणार होती.

अशी तुलना मीही एकदा केली होती. मला दोन स्थळं आली. एक इथल्याच जवळच्या कोरीट गावचं, घरची शेती. दुसरं नवापूरचं, मुलगा नोकरीत. वडिलांनी चक्क मला विचारलं आणि मी दीडशहाणीने नवापूर सांगितलं. का, तर तिथून सुरतेची गाडी जाते! दर रविवारी सुरत, नवं पातळ, सिनेमा. गाडी रोज गेली, तिच्यात मी तेवढी नव्हते. त्यात गल्लीत सगळा गुजरातीचा कारभार. नळावर बायका माझी घागर मागे सरकवायच्या आणि मला अहिराणीशिवाय भांडता येत नव्हतं. अर्धी घागर घेऊन मुकाट घरी. सासूला वाटलं, सून किती गरीब स्वभावाची! पुढे, नंदुरबारला बदली होण्याआधी, मी गुजराती शिकले आणि बिचारीचा गैरसमज फिटला.

"नेदरलँड्सला काही अडत नही, आजी. तठे समदा इंग्रजी बोलतस."

"भांडतस बी इंग्रजीमाच का?"

तिने मान वर केली. तिथली डच तिला येत नव्हती; जर्मन मात्र ती ऑफिस सुटल्यावर क्लास लावून शिकली होती.

"घरमालकीणनी डिपॉझिटना पैसा दाबा, तर? चाल, जर्मनमा भांडी दाखाड."

"कोणसंगे?"

"मन्हासंगे. मी घरमालकीण."

आधी लाजली. मग एक वाक्य, दुसरं, आणि मग उभी राहून बोट नाचवत अशी सुटली की मला एक अक्षर न कळता मी दोन पावलं मागे सरले. मीही अहिराणीतून पैसे द्यायला साफ नकार दिला. आवाज ऐकून शेजारीण दारात आली.

"काय व्हयनं वं?"

नात हसत खाली बसली आणि तिथल्या तिथे जर्मनीला होकार धाडून मोकळी झाली. इतकं झटपट होईल असं मला वाटलं नव्हतं.

"भांडण कसानं व्हतं?" शेजारीण जागची हलेना. "कोण जिकनं?"

"ती जिकनी," मी म्हटलं. "घरमालकीण हारी गई."