शैलाच्या डब्यातली चूक

शैलाच्या हातून चूक झाली होती.

तिला जाऊन आज वर्ष झालं. आजच्या दिवशी हे लिहायचं माझ्या मनात नव्हतं. पण सकाळपासून कॉलेजच्या ग्रुपवर एकच चाललं आहे. "तिने बनवलेलं सर्किट कधी बिघडलं नाही." "शैलाचं काम म्हणजे परफेक्ट." खाली जोडलेले हात.

बिघडायचं. भरपूर बिघडायचं. मला माहीत आहे, कारण बिघडलेलं सगळं माझ्याकडे यायचं.

आम्ही दोघींनी अमरावतीला बी.एस्सी. केलं, इलेक्ट्रॉनिक्स घेऊन. नोकऱ्या भलत्याच मिळाल्या. ती अकोल्याला बँकेत, मी इथेच अमरावतीला शाळेत. सर्किट हा छंद राहिला. टाकी भरली की वाजणारा बझर, लाइट गेली की आपोआप लागणारा दिवा, असलं काहीबाही.

आमचा एक नियम होता. सर्किट चाललं नाही की ते एकीने दुसरीला पाठवायचं, आणि सोबत काहीही समजावून सांगायचं नाही.

बनवणारीला आपण काय करायचं ठरवलं होतं तेच दिसतं. काय केलं ते दिसत नाही.

मग फोन यायचा.

"मंदे, डायोड उलटा लावला तू."

"शक्यच नाही."

"बोर्ड माझ्या हातात आहे. तू काय तिथून पाहून राहिली?"

उलटाच असायचा.

चालणारं सर्किट मात्र कोणी पाठवत नसे. चालतंय ते कशाला तपासायचं?

शैला तिच्या आईसोबत राहायची. काकूंना फार कमी ऐकू येतं. कानाशी तोंड नेऊन बोललं तरच. आपल्याला आता वरचेवर दवाखान्यात राहावं लागणार हे कळलं तेव्हा, दिवाळीच्या सुमारास, शैलाने काकूंसाठी एक डबा केला.

फाटकावरचं बटण दाबलं की काकूंच्या पलंगासमोरचा लाल दिवा थोडा वेळ लुकलुकणार. दिवा लागला म्हणजे कोणी तरी आलं.

थंडीभर तो उत्तम चालला. शैला गेली तेव्हा भेटायला येणाऱ्यांनी तेच बटण दाबलं.

उन्हाळ्यात तिच्या धाकट्या भावाचा, विलासचा फोन आला. तो पुण्याला असतो, तेव्हा अकोल्याला आला होता.

"मंदाताई, ताईचा डबा बिघडला. कोणी नसताना दिवा लागते. आई दिवसभर दरवाजापाशी. काल पायरीवर पडली. मी तिले पुण्याले घेऊन जातो. घराले कुलूप."

"काकू काय म्हणतात?"

"काय म्हणन? इथंच राहीन म्हणते. एकटीनं कशी राहीन थे?"

"मी येते. तोवर कुलूप लावू नकोस."

बडनेऱ्याहून अकोल्याची सकाळची गाडी धरली.

डबा उघडला. सोल्डरिंग स्वच्छ. सप्लाय बरोबर. बटण बरोबर. आणि दिवा काही उगीच लागेना. विलास माझ्याकडे पाहत होता, मी डब्याकडे.

"तुमी आल्या तं शहाणा झाला थो," विलास म्हणाला.

ऊन चढलं. काकूंनी उठून कूलरचं बटण दाबलं.

दिवा लागला.

काकू दाराकडे निघाल्या.

मी त्यांना हात धरून बसवलं. कूलर बंद केला, चालू केला, परत बंद केला. दर वेळी नाही, पण दिवा लागायचा. दर वेळी लागत नव्हता म्हणूनच कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

फाटकापासून आलेली लांब वायर भिंतीवर कूलरच्या वायरीला चिकटून होती. कूलरचं बटण दाबलं की तिच्यात क्षणभर झटका यायचा, आणि डब्यातल्या चिपला वाटायचं, फाटकावर कोणी आलं.

शैलाने डबा केला तेव्हा कूलर ताडपत्रीत गुंडाळून गच्चीवर होता. वऱ्हाडात कुठलीही गोष्ट मे महिन्यात चालवून पाहिल्याशिवाय चालते म्हणू नये.

उपाय छोटा होता. इनपुटवर डाळीच्या दाण्याएवढा एक कपॅसिटर. क्षणाचा झटका तो गिळतो, बोटाने दाबलेलं बटण मात्र आत पोचतं. वायरही भिंतीच्या दुसऱ्या बाजूने ओढली.

सोल्डरिंग आयर्न तापत होती तेव्हा काकूंनी विचारलं, "शैलीचं चुकलं होतं का?"

विलासने मला डोळ्यांनीच नको म्हटलं.

मी काकूंच्या कानाशी गेले. "हो काकू. चुकलं होतं."

काकू हसल्या.

"बरं झालं बाप्पा, सांगतलं. जो येते थो म्हणते, देवमाणूस होती, कधी चुकली नाही. मी म्हणो, हे कोणाच्या पोरीचं बोलून राहिले? माही शैली तं भाजीत दोनदा मीठ टाके."

थोड्या वेळाने म्हणाल्या, "दिवा लागे तं मले माहीत राहे, कोणी नसन. तरी उठाच लागे. आता लागला तं खरंच कोणी असन?"

"आता लागला तर कोणी तरी असेल."

काकूंनी जरा विचार केला. "मंग ठीक आहे."

विलासने कूलरवर जुना राग असल्यासारखं त्याचं बटण चालू-बंद करून पाहिलं. दिवा लागला नाही. मग बाहेर जाऊन त्याने फाटकावरचं बटण दाबलं.

दिवा लागला. काकू उठून दाराशी गेल्या.

"तूच हो का? मंग उन्हात काहून उभा आहे? ये आत."

म्हणून सांगते, तिला परफेक्ट म्हणू नका. तिचा डबा उघडला तर प्रत्येक वायर वेगळी ओळखू येत होती, प्रत्येक भागाशेजारी त्याचं नाव लिहिलेलं होतं. आपली चूक उद्या दुसऱ्या कोणाला तरी शोधावी लागेल, हे धरून ती काम करायची. हे फार थोड्यांना जमतं. मला अजून नीट जमत नाही.

शैला, तुला नमस्कार. त्या चुकीसकट.

त्या दिवशी दिलं-घेतलं ते असं.

डबा दुरुस्त करून काकूंच्या पलंगासमोर परत लावला.

सर्किटची आकृती विलासला दिली. शैलाचं निळ्या शाईत, माझा कपॅसिटर लाल शाईत. तिचं काही खोडलेलं नाही.

घराची किल्ली विलासने आधीच खिशात ठेवली होती. मी निघताना ती त्याने काकूंच्या हातात दिली.