धुपासाठी मागितलेला निखारा

हे मी आजवर कुणाजवळही बोललेली नाही. नवऱ्याजवळ नाही, मुलीजवळ नाही, आणि ज्याला सर्वांत आधी सांगायला हवं होतं त्याच्याजवळ तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जातंय — तेही कबूल करून टाकते.

गोष्ट ऐकायला क्षुल्लक आहे. घरामागे कोंबडी भाजायची तर कोळशावर की गॅसवर? बस, एवढीच. हसाल तुम्ही. मीही पुष्कळ वर्षं ती हसण्यावारीच नेली.

आधी माझ्याबद्दल. मी याद्या करणारी बाई आहे. वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीत पूजा असो, सहल असो की पाण्याच्या टाकीची सफाई असो, कागद-पेन आपोआप माझ्यासमोर येतं. कोण काय आणणार, किती वाजता, कुठल्या डब्यात. माहेरीही तेच. माझं माहेर शीळफाट्याहून डोंबिवलीकडे जाताना लागतं — गाव म्हणायचं म्हणून म्हणायचं, आता चहूबाजूंनी टॉवर आहेत. आम्ही मूळचे तिथलेच, आगरी. आजोबा मिठागरात राबले, बाबांनी भात लावला, आणि माझ्या मोठ्या भावाच्या काळात त्या भातशेतीवर इमारती उभ्या राहिल्या. आमच्याकडे एक बंगला राहिला आणि त्याच्यामागची वाडी. वाडीत शेवग्याचं झाड, एक नळ, आणि दादाची शेगडी.

शेगडी बाबांनी केलेली. लोखंडी पिंप आडवं कापून, बुडाला भोकं पाडून, सळ्यांचे पाय जोडून. हिवाळ्यातल्या रविवारी आणि गावदेवीच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी ती पेटायची. म्हणजे दादा पेटवायचा आणि आम्ही वाट बघायचो. आधी नारळाची सोडणं, मग काटक्या, मग कोळसा. सुपाने वारा. धूर. मग ज्वाळा — पण ज्वाळेवर तो काही ठेवू द्यायचा नाही. ज्वाळा बसायला हव्यात, निखाऱ्यांवर पांढरी राख चढायला हवी, आणि जाळीवर तळहात धरून त्याला स्वतःला वाटायला हवं. कधी वाटेल? ते कुणाला सांगता येणार? माझ्या यादीत 'जेवण' या शब्दापुढे वेळ लिहिलेली असायची आणि ती वेळ धुरातून निघून जायची.

"दादा, अजून किती?" मी विचारायचे.

"अगो बाय, कोलशाला काय घड्याल हाय?"

मी चिडायचे. पण खरं सांगू? त्या वाट बघण्यातच सगळं व्हायचं. वहिनी ताटात लसूण सोलायला बसायची. माझा नवरा, जो एरवी माहेरच्या माणसांत पाहुण्यासारखा बसतो, तो सूप हातात घेऊन दादाकडून वारा घालायला शिकायचा. दादा मिठागरातल्या गोष्टी सांगायचा — आजोबा अनवाणी मीठ ओढायचे, त्यांच्या टाचा मेल्यावरही मऊ पडल्या नाहीत, असलं काहीबाही. आणि पहिला तुकडा माझा. मी फ्रॉक घालत होते तेव्हापासूनचा नियम. जाळीवरून थेट माझ्या तळहातावर, फुंकर मारून. "चाख बाय."

त्याच्या आधी मात्र तो स्वतः चाखायचा. त्याच्या जिभेचा गावात दबदबा होता. जत्रेच्या मटणाच्या टोपात मीठ पडलं की कुणीतरी दादाला बोलवायला यायचं. तो बोटावर रस्सा घ्यायचा, डोळे मिटायचा, म्हणायचा, "थोरा कमी हाय." आणि एवढा मोठा आचारी, चार गावांत नाव असलेला, मुकाट मीठ घालायचा.

मग मुलीचं लग्न ठरलं आणि तिच्या सासरची मंडळी माझं माहेर बघायला आली. कोळसा दमट निघाला. दादा वारा घालतोय, घालतोय. मंडळी वाडीत खुर्च्यांवर बसलेली, विहीणबाई पदराने डोळे पुसताहेत. जेवायला तिसरा प्रहर झाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझी इतकी नीट आखलेली दुपार.

पुढच्या महिन्यात मी दादाला न विचारता गॅसचं ग्रिल आणलं. चाकांचं, झाकणाचं, सिलिंडरला जोडायचं. गॅसची बाजू मला आजही तोंडपाठ आहे: बटण फिरवलं की आच, हवी तेवढी. धूर नाही, राख नाही, शेजारच्या टॉवरमधून तक्रार नाही. पावसाळ्यात कोळसा सांभाळायला नको. वीस माणसांचं जेवण सांगितलेल्या वेळेला. यातलं एकही वाक्य खोटं नाही. सोसायटीत कुणी विचारलं तर मी अजूनही हेच सांगते.

दादाने ग्रिलभोवती एक फेरी मारली. म्हणाला, "यावर भाजली काय नि उकडली काय, सारखीच." मी वाद घातला. चव मसाल्याची असते, आचेची नसते, असं काहीतरी. तेव्हा तो हसून सगळ्यांसमोर म्हणाला, "बाय, तुला चव नाय समजत गो. तुला टाइम समजतो."

सगळे हसले. वहिनीसुद्धा. त्याने ते प्रेमाने म्हटलं होतं, मला माहीत होतं. पण ते खरं होतं ना — तेच लागलं मला.

मी म्हटलं, पैज लावू. डोळे बांधून खा. एक तुकडा तुझ्या कोळशावरचा, एक माझ्या गॅसवरचा. ओळखलंस तर ग्रिल मी परत करेन. नाही ओळखलंस तर शेगडी बंद. दादा म्हणाला, लाव. त्याला हरण्याची भीती नव्हतीच. आणि कुठला तुकडा कुठला याची व्यवस्था अर्थातच माझ्याकडे आली. माझ्यावर कोण संशय घेणार?

इथवर आले की दर वेळी मी थांबते. मनातल्या मनात सांगतानाही.

जत्रेचा दुसरा दिवस होता. दादाने शेगडी लावली होती, मी ग्रिल. मसाला एकच, वहिनीने कालवलेला. माझे तुकडे आधी झाले. ते घेऊन मी आत स्वयंपाकघरात गेले, पातेल्यात ठेवले, झाकले. मग चिमटा आणि धुपाटणं घेऊन दादाकडे आले. दिवेलागण व्हायला आली होती. म्हटलं, "दादा, देवापुढे धूप घालायचाय, निखारा दे."

त्याने शोधून दिला. वरवरचा नाही दिला — राख झाडून, बघून, आतला लालबुंद. म्हणाला, "यो घे, चांगला फुललाय."

तुमच्याही घरी करत असाल, गॅसवर केलेल्या भाजीला धुराचा वास द्यायचा असला की आपण काय करतो. पातेल्यात मधोमध वाटी ठेवायची, वाटीत निखारा, निखाऱ्यावर तुपाची धार, आणि लगेच झाकण. मी तेच केलं. देवापुढे धूप त्या दिवशी लागलाच नाही. पातेल्याच्या कडेने धुराचा एक दोरा बाहेर येत होता, तो मी ओल्या फडक्याने दाबून धरला. थांबावंसं वाटलं का? नाही. हे लिहिताना वाटतंय, तेव्हा नाही.

वाडीत दादाचे डोळे वहिनीच्या ओढणीने बांधले. माझा नवरा म्हणाला, "दादा, नापास झालात तर फेरपरीक्षा नाही हं." दादा म्हणाला, "जावयबापू, पेपर सोपा हाय." मी पहिला तुकडा त्याच्या हातात दिला, त्याच्याच कोळशावरचा. त्याने सावकाश खाल्ला. मग दुसरा, माझा. खाता खाता तो थांबला.

"बाय, याला तुपाचा वास येतो गो. तू तूप लावलंस?"

तेव्हा — तेव्हा अजून सगळं हातात होतं. हसून सांगून टाकलं असतं तर ती एक गंमत झाली असती, वर्षानुवर्षं सांगायची. त्याने मला पकडलं होतं. इतक्या मसाल्यातून त्या जिभेला तुपाची एक धार सापडली होती.

मी म्हटलं, "दोन्हीला लावलंय, दादा."

त्याने पहिला तुकडा पुन्हा मागून घेतला, पुन्हा चावला. मी त्याचं तोंड बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला चव शोधताना पाहिलं. "मना एकालाच लागतंय," तो हळू म्हणाला. मग दुसऱ्या तुकड्याचा हात वर केला. "तरी यो कोलसा. यात धूर हाय."

"गॅसचा," मी म्हटलं आणि ओढणी सोडली.

हसण्याचा कल्लोळ झाला. नवऱ्याने टाळ्या वाजवल्या. दादाही हसला. पण हसताना त्याने जिभेचं टोक दातांमध्ये धरून ठेवलं होतं, जणू ती त्याला तपासून बघायची होती.

तुम्ही म्हणाल, चूक कुठे केली त्याने? काहीच नाही. धूर त्याच्याच शेगडीचा होता, त्यानेच निवडून दिलेल्या निखाऱ्याचा. तो बरोबर होता. दोन्ही वेळा बरोबर होता.

शेगडी त्याने शब्दाप्रमाणे बंद केली. वहिनीने तिच्यात माती भरून पुदिना लावला — बुडाला भोकं होतीच. त्याचं मला इतकं काही वाटलं नसतं. पण पुढच्या जत्रेला मीठ चाखायला बोलवायला माणूस आला, आणि दादा ओट्यावरून उठलाच नाही. "माझी जीभ गेली रं. दुसऱ्या कोणाला इचारा." माणसाला वाटलं मस्करी. मी तिथेच होते, पत्रावळ्या मोजत होते. मी मोजत राहिले. त्यानंतर त्याला कुणी बोलवायला आलं नाही.

रविवार अजून होतात. ग्रिल चालू झालं की अर्ध्या तासात सगळ्यांची पानं वाढलेली असतात आणि तासाभरात गाड्या फाटकाबाहेर. सगळं वेळेवर. लसूण वहिनी आदल्या दिवशीच सोलून ठेवते. मिठागराच्या गोष्टी राहून गेल्या. आजोबांच्या टाचांचं मुलीला पुरतं आठवतही नाही. परवा ती म्हणाली, "आई, माझ्या सासूबाई अजून त्या दुपारची आठवण काढतात. म्हणतात, तुझ्या मामाने काय मस्त बसवून ठेवलं होतं आम्हाला." मी फोन ठेवून बराच वेळ ओटा पुसत होते.

एकदा मी कोळशाची पिशवी घेतली, माजिवड्याच्या एका दुकानातून. गाडीच्या डिकीत ठेवून माहेरी नेली. काय म्हणणार होते ते वाक्यही ठरवलं होतं. डिकी उघडली नाही. पिशवी परत आली, माझ्या बाल्कनीत आहे. कधी दुपारी घरात कुणी नसलं की मी त्यातला एक तुकडा गॅसवर लाल करते, वाटीत ठेवते, तुपाची धार सोडते आणि झाकते. पातेल्यात दुसरं काही नसतं. मग झाकण उघडून तोंड जवळ नेते. वाडी येते, शेवगा येतो, सुपाचा आवाजसुद्धा येतो. तळहात रिकामाच असतो.

दादा आता थकलाय. तरी गॅसपाशी तोच उभा राहतो, एक हात बटणावर. गेल्या रविवारीही होता. तुकडे उलटवून झाले की तो स्वतः चाखत नाही. मला हाक मारतो. मी यादी बाजूला ठेवून जाते. तो चिमट्याने एक तुकडा काढतो, फुंकर मारतो, माझ्या तळहातावर ठेवतो.

"मीठ बघ गो बाय. मना नाय समजत."

मी चाखलं. म्हटलं, "थोडं कमी आहे."

त्याने मान डोलावली, आणि त्या आचाऱ्यासारखं मुकाट मीठ घातलं.