पूजा झाल्याली मशीन हलवायची न्हाई

रागाचंच बोलणार हाय मी, आधीच सांगून ठेवतो. गुरम्माक्काचं नाव निघालं की मोंढ्यातले लोक म्हणतेत, "बिचारी." बिचारी? जो असं म्हणतो त्यानं सोयाबीनच्या सीझनमध्ये एक दिवस तिच्या खुर्चीवर बसून दाखवावं. दुपारपर्यंत घाम फुटंल गड्याला. मी भागवत, लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, सिद्रामप्पांच्या आडतीवर मापाडी हाय. बाहेर काट्यावर मी वजन ओरडून सांगतो, आत अक्का कॉम्प्युटरवर शेतकऱ्याची पट्टी, मालाच्या हिशेबाचा कागद, बनवती. माझा घसा आणि तिची बोटं, ह्याच्यावर ही आडत चालती. मालकाला हे पटत न्हाई, पण खरं हाय.

अक्का निलंग्याकडची. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. शाळा संपता संपता तिची नजर कडेकडेनं कमी व्हायला लागली. नांदेडचा डॉक्टर म्हणला, डोळ्याच्या पडद्याचा आजार हाय, चष्म्यानं भागायचं न्हाई. आता तिला समोरचं मूठभरच दिसतं, तेबी मोठं केलं तर. लग्नाची बोलणी सुरू झाली तशी मोडली. पुढं एक स्थळ आलं तेव्हा तिनंच नको म्हणून सांगितलं. "मला बघायला येतेत समदे. मला काय दिसतंय ते एकबी विचारत न्हाई," म्हणली आणि विषय बंद.

आडतीवर ती स्वतःच्या पायानं चालत आली होती. कुणाची चिठ्ठी न्हाई, कुणाची ओळख न्हाई. "मला हिशेब येतो, बसवून बघा," एवढंच म्हणली. सिद्रामप्पांचा जुना मुनीम तेव्हाच काम सोडून गेलता, म्हणून बसवली. तवापासून ती बसली ती बसलीच. आवाजावरनं माणूस ओळखती. लांबच्या गावच्या शेतकऱ्यानं नुसतं "रामराम" म्हणलं, तरी ती नाव घेऊन त्याच्या म्हशीची तब्येत विचारती.

तिच्या बहिणीचा पोरगा संगमेश नांदेडला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्यानं मावशीसाठी दुकानातली एक जुनी मशीन आणि खिडकीएवढा मोठा स्क्रीन आणला, मशीनमध्ये ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि लिनक्स टाकून दिलं. लिनक्स म्हणजे ती फुकटची सिस्टीम, कुणाच्या मालकीची न्हाई. तिच्यात एक भिंग हाय. माऊस जिकडं जाईल तिकडची अक्षरं वीतभर होतात. आता एवढ्या मोठ्या स्क्रीनवर ते भिंग झरझर पळवायचं तर कार्ड पाहिजे, आणि कार्ड चालवायला ड्रायव्हर म्हणून एक प्रोग्रॅम पाहिजे. मला एवढंच समजतं. अक्काला मात्र समदं समजायचं. सिस्टीमनं नवं काही टाकायला मागितलं की ती आधी संगमेशला फोन लावायची, मग बटन दाबायची.

औंदा खंडेनवमीला आम्ही नेहमीसारखी पूजा केली. काटा धुतला, बंबू पुसले, पोत्यात खुपसून माल काढायचे ते. कॉम्प्युटरची पूजा मात्र सिद्रामप्पा स्वतःच्या हातानं करतेत, दुसऱ्याला शिवू देत न्हाईत. समद्या वायरी काढल्या, मशीनचा डबा पुसला, चौरंगावर मांडला, विभूतीचे पट्टे ओढले, बेल वाहिला, नारळ ठेवला. संध्याकाळी परत त्यांनीच वायरी जोडल्या आणि डबा भिंतीला टेकवून ठेवला, हारासकट.

दसरा झाला, माल धो धो यायला लागला, आणि अक्काचं भिंग अडकायला लागलं. माऊस इकडं हलवला की अक्षरं मागून रांगत येणार. कधी अर्धाच आकडा दिसणार. तीनाचे आठ वाटणार. मग ती प्रत्येक आकडा मला परत विचारणार, मी परत ओरडणार, बाहेर ट्रॅक्टरची रांग मोंढ्याच्या फाटकापर्यंत. "अय्यो देवरे, काय झालं रे ह्याला," म्हणून ती कपाळाला हात लावायची. शेतकरी तरी थांबले. सिद्रामप्पांना दम धरवंना.

संगमेश पहिल्या एसटीनं आला. आल्या आल्या विचारलं, "कुणी वायरी काढल्या होत्या का?"

"पूजेला काढलत्या. मी स्वतः लावल्या परत, जिथल्या तिथं," सिद्रामप्पा म्हणले. तोंड वर करून म्हणले.

पोरगं बसलं मग कीबोर्डवर. काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या ओळी. ड्रायव्हर काढला, परत टाकला. जुना टाकून बघितला, नवा टाकून बघितला. सिस्टीम मागच्या आवृत्तीवर नेली. "कार्ड दिसतंय, ड्रायव्हर चढलाय, कुठं चुकीची लाल ओळ न्हाई. मग कार्ड काम का करून न्हाई राहिलं?" स्वतःशीच बोलायचं. नाइलाजानं त्यानं मशीन चालू होतानाच्या ओळीत एक शब्द घातला, तर जे दिसत होतं तेबी पसरट, फुगलेलं दिसायला लागलं. शेवटी म्हणला, "आप्पा, डबा ओढून मागून एकदा बघू का?"

"न्हाई! पूजा झाल्याली मशीन लक्ष्मीपूजनापर्यंत हलवायची न्हाई. आमच्या वडिलांपासूनची रीत हाय."

वडिलांच्या टायमाला हितं कॉम्प्युटर तरी होता का? तागडी होती. पण बोलणार कोण? संगमेश पडला सभ्य, मोठ्या माणसाचा शब्द मोडायचा न्हाई म्हणून गप बसला. मला त्याचाबी राग आला. आणि माझा स्वतःचा तर लईच.

दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघतो तर अक्काची खुर्ची कोपऱ्यात, रिकाम्या पोत्यांच्या, बारदान्याच्या ढिगाजवळ. वर तिची ती निळी उशी. टेबलावर आप्पांचा पुतण्या लॅपटॉप उघडून बसलेला. अक्का टेबलापुढं उभी. पायानं चाचपडून खुर्ची शोधून राहिली होती, आणि खुर्ची जागेवर न्हाई.

सिद्रामप्पा साखरेत घोळून बोलले, "अक्का, लई वर्षं केलंत. आता डोळ्याला त्रास नको. घरी आराम करा. ती फुकटची सिस्टीम शेवटी फुकटचीच."

शिवी दिली असती तर चाललं असतं. ह्या गोड बोलण्यानं माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. अक्कानं टेबलाची कड धरली. मग हळूच म्हणली, "भागवता, डोळ्याचं डॉक्टरनं सांगितलं तवा मी रडले न्हाई. हितं एक जागा होती माझी, म्हणून न्हाई रडले." 

बस्स. मी आत घुसलो. "मशीन संगमेशनं दिल्याली हाय ना? मग आम्ही घेऊन जातो आमची मशीन!" म्हणलं आणि डबा दोन्ही हातांनी खसकन पुढं ओढला. नारळ गडगडत काट्याखाली गेला. बेलाची पानं समदी खाली. सिद्रामप्पा ओरडले, "अरे भागवत, भ्रष्ट केलंस!"

"केलं! काय करता?"

रात्री अक्काकडंच मुक्कामाला राहिलेला संगमेश धावत आला वायरी काढायला, आणि वाकला तो वाकलेलाच राहिला. मोबाईलची बॅटरी लावली. "भागवतमामा, हे बघा." स्क्रीनची वायर वरच्या भोकात होती, मशीनच्या अंगच्या भोकात. कार्डाचं भोक त्याच्या खाली, आडवं. ते रिकामं. म्हणजे पूजेपासून सगळं चित्र त्या जुन्या मशीनच्या जिवावर चाललं होतं, आणि कार्ड आत आयतं बसून होतं. ड्रायव्हरला काहीसुद्धा झालं नव्हतं. वायरीच्या टोकावर विभूतीची बोटं उमटली होती, अंगठा आणि त्याच्या शेजारचं.

संगमेशनं विचारलं न्हाई कुणाची म्हणून. दारात उभे होते त्या शेतकऱ्यांनीबी विचारलं न्हाई. समदे नुसते आप्पांच्या हाताकडं बघत होते.

वायर खालच्या भोकात गेली. संगमेशनं आदल्या दिवशी घातलेला तो शब्द खोडला, मशीन बंद करून चालू केली. भिंग आलं. अक्कानं उभ्या उभ्याच माऊस फिरवला, आणि अक्षरं पहिल्यासारखी झरझर पळाली. माझ्या जिवात जीव आला. पुतण्यानं गप लॅपटॉप मिटला.

"देवाची कृपा," सिद्रामप्पा म्हणले. "बसा अक्का, बसा. लई गर्दी हाय."

अक्का बसली न्हाई. बसायला होतं काय? खुर्ची तिकडं बारदान्यात. मी आणायला निघालो तर तिनं माझा हात धरला. चांगला दाबून धरला.

"आप्पा," ती म्हणली, मोठ्यानं, बाहेरच्या ट्रॅक्टरपर्यंत ऐकू जाईल अशी. "वायर तुम्ही चुकवली. मग म्हणलात, सिस्टीम फुकटची. मग म्हणलात, अक्काचे डोळे गेले. तुमच्या हाताचं नाव एकदाबी आलं न्हाई तुमच्या तोंडात."

सिद्रामप्पांनी घसा खाकरला. "झालं ते झालं. भागवत, खुर्ची आण रे."

"भागवत आणणार न्हाई. त्यानं नेली नव्हती."

बाहेर ट्रॅक्टर चालू होते, माणसं दाराशी गोळा झालती. सिद्रामप्पांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग धोतराचा सोगा सावरून कोपऱ्यात गेले, बारदाना बाजूला सारला आणि खुर्ची उचलून आणली. टेबलाला लावली. अक्का हलली न्हाई. मग परत गेले, आणि उशी आणली.

अक्का बसली. हातानं उशी नीट केली, स्क्रीनला नाक लावलं आणि बाहेर आवाज दिला, "हाव, कोण हाय पहिला? भागवता, वजन सांग."

मी एवढ्या जोरात ओरडलो की काट्यावरची चिमण्या-कबुतरं उडाली.