अलमांडा आणि शेजारची वाटी

आमच्या गेटवर यंदा अलमांडा असा फुललाय की रस्त्यानं जाणारे गाडी थांबवून बघतात. चहाच्या कपाएवढी पिवळीजर्द फुलं, एकेका वेळी वीस-पंचवीस. कुणी विचारलं, खत काय घालता, तर बायको माझ्याकडे बोट दाखवते. "ह्यांना विचारा. मारलाही ह्यांनीच अन् जगवलाही ह्यांनीच."

चारचौघांत हे ऐकून मी आता हसू शकतो. सव्वा वर्ष मला हेच सांगता येत नव्हतं.

पहिला वेल शेजारच्या वहिनींनी दिलेला. त्यांचं माहेर गंगापूरकडचं. तिथल्या अंगणातली फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांनी एसटीनं आणली आणि आमच्या गेटपाशी स्वतःच्या हातानं लावली. "ह्याला ऊन लई लागतं. अन् बुडात पाणी साचू देऊ नका," एवढं बजावून गेल्या. दोन घरांच्या मधे कमरेएवढी भिंत. तिच्यावरून रोज वाट्या जायच्या-यायच्या. आलेली वाटी रिकामी परत करायची नाही, हा दोन्हीकडचा नियम.

आमच्याकडे नळाला पाणी येतं आठवड्यातून एकदा. वेलाला मात्र नळाचंच पाणी, एक बादली, असा बायकोचा हुकूम, आणि रोज सकाळी ते घालायचं काम माझं. ती बादली माझ्या डोळ्यांत खुपायची. बोअरचं पाणी शुद्ध करणारं आमचं यंत्र जेवढं पाणी देतं, त्याहून जास्त नळीतून बाहेर टाकतं. ते आम्ही ड्रममध्ये धरून फरशी पुसायला वापरायचो. मी गुपचूप तेच वेलाला घालायला लागलो. वर पाणी वाचवल्याचा अभिमान होताच.

उन्हाळा संपता संपता पानांच्या कडा चहा सांडल्यासारख्या तपकिरी झाल्या. कळ्या न उमलताच गळायला लागल्या. वहिनी दर शनिवारी ओटा ॲसिडनं धुवायच्या आणि ते पाणी भिंतीखालून आमच्या बाजूला झिरपायचं. बायकोनं तेवढंच धरलं.

"तुमच्या ॲसिडनं जळाला माझा वेल."

"मीच आणला, मीच लावला, अन् मीच जाळीन व्हय? काय बोलता ताई!"

"फुललेला बघवला नसेल."

मी रिकामी बादली घेऊन तिथंच उभा होतो. वहिनी माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, तुम्ही तरी बोला की."

मी म्हणालो, "जाऊ द्या ना आता."

माझा गुन्हा विचाराल तर तो हा. ड्रममधलं पाणी त्याच्या नंतर येतं. वेल त्या पाण्यानंच जळाला याची तेव्हा मला खात्री नव्हती, पण शंका होती. दुसऱ्या दिवशी एक पान नर्सरीवाल्या चाचांना दाखवलं. त्यांनी ते बोटांनी चुरगाळलं. "खारा पानी पिलाए क्या साब इसको? मट्टी पे सफेद पापडी आई होगी." आली होती. यंत्र बोअरचे सगळे क्षार त्या ड्रममधल्या पाण्यातच टाकत होतं. त्याच पावली घरी येऊन सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. लोक मला शांत समजतात. मी शांत नाही, भित्रा आहे.

बायकोनं वेल तोडायला लावला. बुडाशी एक फांदी हिरवी होती. तिचे पेन्सिलीएवढे चार तुकडे केले, चीक पुसला आणि ऑफिसच्या गच्चीवर वाळू-मातीच्या डब्यात खोचले. त्यांच्यावर कापलेल्या बाटल्या पालथ्या घातल्या. तीन सडले. चौथ्याला महिन्याभरानं दोन पानं आली, नखाएवढी. ती मी किती वेळा वर जाऊन बघितली असतील, सांगायची सोय नाही.

थंडीत तो कुंडीत हलवला; माझ्या प्यायच्या बाटलीतलं अर्धं पाणी मला, अर्धं त्याला. उन्हाळ्यात एसीच्या नळीखाली बाटली लावली, त्या पाण्यात क्षार नसतात. शिपाई म्हणाला, "साहेब, हे तीर्थ कुणाला पाजता?" मी बाटली उचलून गच्चीची वाट धरली.

इकडे घरात वहिनींची एक वाटी राहिली होती, तळाशी त्यांचं नाव कोरलेली. हाताला लागली की बायको ती मांडणीत मागं सरकवायची. रिकामी देता येत नव्हती, आणि भरून द्यायची तर बोलावं लागलं असतं.

श्रावणात गच्चीवर एकदम पाच फुलं उमलली. त्या दिवशी अर्धी सुट्टी टाकून मी कुंडी रिक्षात गुडघ्यांमधे धरून घरी आणली.

"अहो, हे कुठून?"

"तोच आहे. मीच मारला होता. फरशीचं पाणी घालत होतो त्याला."

ती पायरीवर बसली. "अन् मी त्या बाईला काय काय बोलले. सांगितलं का नाही?"

"भीती वाटली."

"माझी?"

"हो."

ती आत गेली आणि वाटी घेऊन आली. "फुलं तोडा. अन् आज तुम्ही बोलायचं. मी मागं उभी राहते."

वहिनी पिठाच्या हातांनी भिंतीपाशी आल्या. मी फुलांची वाटी भिंतीवर ठेवली आणि एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी फुलांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "एवढे मोठे तुम्ही, अन् एका बादलीपायी खोटं बोललात व्हय?"

"खोटं नाही बोललो वहिनी. गप्प बसलो."

"ते त्याहून वाईट."

ते लागलं. लागायलाच हवं होतं. मग त्या बायकोकडे वळल्या. "अन् तुम्ही ताई! सव्वा वर्ष माझी वाटी दाबून बसलात!"

बायको हसायला गेली आणि रडली. वहिनी हात न धुताच गेटमधून आत आल्या. गेटपाशी खड्डा खणून जुनी पांढरट माती हातभर उपसली, नवी काळी माती भरली आणि वेल परत त्यांच्याच हातानं लागला. मी फक्त घमेली उचलत होतो. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

संध्याकाळी भिंतीवर वाटी आली. शेंगदाण्याची चटणी, काठोकाठ.

"ताई, ही तुम्हाला," पलीकडून आवाज आला. "भाऊजींना ड्रममधलं पाणी द्या."